फरसबंद पृष्ठांचे नकाशे आणि पाणलोटाचे नियोजन : एक चिकित्सा

एखाद्या पाणलोट क्षेत्रातील किती भूमी छपरे, डांबर, सिमेंट आणि फरशी ह्यांखाली झाकली गेली आहे, ह्या प्रश्नाचे शेकडेवारीत मिळणारे उत्तर गेल्या तीस वर्षांत पर्यावरण-नियोजनाचे एक लाडके परिमाण होऊन बसले आहे. अशा पृष्ठांना 'अपारगम्य पृष्ठे' म्हणण्याचा प्रघात आहे. ज्यांतून पाणी खाली जिरत नाही, ती अपारगम्य, अशी त्यांची व्याख्या सांगितली जाते. व्याख्या सोपी असल्यामुळे नकाशाही सोपा वाटतो, आणि नकाशा हाती आला की नियोजनाचा निम्मा भार हलका झाला, असा समज होतो. ह्या समजाची तपासणी करणे हा प्रस्तुत चिकित्सेचा विषय होय.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील अभियंता एमिल कुइकलिंग ह्याने १८८९ मध्ये शहरी गटारांतील प्रवाहाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पडलेल्या पावसाचा जेवढा हिस्सा गटारात येतो, तेवढाच साधारणतः त्या वस्तीतील झाकलेल्या पृष्ठाचा हिस्सा असतो, असे त्याने दाखवून दिले. कुइकलिंगचा हेतू मर्यादित होता, गटाराचा व्यास ठरविण्याचा. पुढे १९९४ मध्ये मेरीलँडमधील टॉम शूलर ह्याने हेच परिमाण ओढ्यांच्या आरोग्याला लावले. पाणलोटाचा दहा टक्के भाग झाकला गेला म्हणजे ओढ्यावर परिणाम दिसू लागतो आणि पंचवीस टक्क्यांपलीकडे ओढा बहुधा हाताबाहेर जातो, हे त्याचे दोन उंबरठे सर्वतोमुखी झाले. १९९६ मध्ये अर्नोल्ड आणि गिबन्स ह्यांनी नगररचनाकारांच्या नियतकालिकात ह्या परिमाणाला पर्यावरणाचा एक प्रमुख निर्देशक असे नाव दिले, आणि त्यानंतर उपग्रहीय चित्रांवरून अपारगम्य पृष्ठांचे नकाशे काढण्याचा उद्योग जोमाने सुरू झाला. अमेरिकेत संपूर्ण देशाचे असे नकाशे तीस मीटर चौकटीवर उपलब्ध आहेत, आणि किनारी पाणलोटांसाठी त्याहून पुष्कळ सूक्ष्म नकाशे सिद्ध झाले आहेत.

किनाऱ्यावर ह्या परिमाणाला विशेष महत्त्व का आले, हे समजण्यासारखे आहे. रस्त्यावरील तेल, धूळ, शिसे-जस्तासारखे धातू आणि घाण पहिल्या सरीबरोबर धुऊन निघतात, आणि किनारी पाणलोट आखूड असल्यामुळे ती सर्व द्रव्ये थोड्याच वेळात खाडीत उतरतात. दक्षिण कॅरोलिनातील भरती-ओहोटीच्या खाड्यांवर हॉलंड व त्याच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास ह्या दृष्टीने प्रमाणभूत मानला जातो. पाणलोटाचा दहा ते वीस टक्के भाग झाकला गेला की खाडीतील क्षारतेचे चढउतार वाढतात व गाळातील दूषिते बदलतात, आणि वीस ते तीस टक्क्यांपुढे जीवसृष्टीलाच धक्का बसतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हा निष्कर्ष त्या किनाऱ्यापुरता चोख आहे. परंतु कोकणातील खाडीच्या वरच्या अंगाचे पाणी दर आषाढात, एकही फरशी न बसविता, जवळजवळ गोडे होते. तिसऱ्या आणि कालवे ह्यांचे आयुष्य त्या फेऱ्यात बसलेले आहे. म्हणजे दक्षिण कॅरोलिनात जो चढउतार विकृतीचे लक्षण ठरतो, तो कोकणात ऋतुमानाचा भाग असतो. निर्देशक उसना घेताना त्याच्यामागची भूमी व आभाळ उसने घेता येत नाही, हा ह्या सर्व प्रकरणातील मुख्य आक्षेप येथेच पुढे येतो.

महाराष्ट्रात मुरुड नावाची दोन प्रसिद्ध गावे आहेत, आणि ह्या आक्षेपाची कसोटी लावण्यास ती जोडी मोठी सोयीची आहे. एक मुरुड रायगड जिल्ह्यात, समुद्राला लागून. दक्षिणेस राजपुरीची खाडी व तिच्या मुखाशी जंजिरा, पाठीशी फणसाडचे अरण्य. दुसरे मुरुड लातूर तालुक्यात, लातूर–बार्शी मार्गावर, बालाघाटाच्या पठारावर. ह्या दुसऱ्या मुरुडाजवळ तावरजा उगम पावते. ती पुढे शिवूरजवळ मांजरेस मिळते, मांजरा कर्नाटक-तेलंगणातून वळसा घालून गोदावरीस मिळते, आणि ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. पहिल्या मुरुडाचे पाणी काही तासांत अरबी समुद्रात उतरते. दोन्ही ठिकाणी समजा बारा टक्के भूमी झाकलेली आहे. उसन्या उंबरठ्याप्रमाणे दोहोंचे निदान एकच होईल, आणि ते दोन्हीकडे चुकीचे ठरण्याचा संभव फार मोठा आहे.

ह्याचे कारण फरशीत नसून फरशीखाली आहे. झाकलेले पृष्ठ किती पाणी वाहून जाऊ देते, एवढाच प्रश्न नसतो. ते नसते तर त्या जागेवरून किती पाणी वाहिले असते, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा असतो. परिणाम म्हणजे ह्या दोहोंतील अंतर. अपारगम्य पृष्ठाचा नकाशा त्या अंतराची एकच बाजू दाखवितो, आणि दुसरी बाजू सर्वत्र सारखीच आहे असे गृहीत धरतो. मेरीलँडसारख्या समशीतोष्ण, वनाच्छादित प्रदेशात हे गृहीत बहुतांशी खपून जाते, कारण तेथे मूळची भूमी पुष्कळ पाणी पिणारी असते. दख्खनात ते खपत नाही.

दख्खनाचा हा स्वभाव येथील अभियंत्यांस फार पूर्वीच उमगला होता. स्ट्रेंज ह्याने १८९२ मध्ये सांप्रतच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील पाणलोटांचा विचार करून अपधावाची, म्हणजे पृष्ठावरून वाहून जाणाऱ्या पाण्याची, कोष्टके सिद्ध केली, आणि पाणलोटांचे चांगले, मध्यम व वाईट असे वर्ग पाडले. हे वर्ग त्याने धरणात पाणी साठण्याच्या दृष्टीने पाडले होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. ज्यावरून अधिक पाणी वाहते तो पाणलोट 'चांगला'. आजच्या पर्यावरण-लेखनात नेमकी उलटी भाषा ऐकू येते. पुढे इंग्लिस आणि डिसूझा ह्यांनी १९२९ च्या सुमारास पश्चिम भारतातील ५३ मोजणी-स्थानांवरील आकड्यांवरून घाटाच्या आणि पठाराच्या पाणलोटांसाठी दोन वेगळी सूत्रे दिली. पठाराच्या सूत्राप्रमाणे वर्षाला ८० सें.मी. पाऊस पडला तर त्यांपैकी सुमारे १९.६ सें.मी., म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा, वाहून जातो. घाटाच्या सूत्राप्रमाणे ३०० सें.मी. पाऊस पडला तर सुमारे २२४ सें.मी., म्हणजे तीन चतुर्थांश, वाहून जातो. ह्या पाणलोटांत त्या काळी झाकलेली भूमी नाममात्र होती. ज्या प्रदेशात निसर्गतःच तीन चतुर्थांश पाणी वाहते, तेथे दहा टक्क्यांचा उंबरठा नेमके काय मोजतो, हा प्रश्न शूलरचे आकडे उद्धृत करणाऱ्या प्रबंधांतून क्वचितच विचारला जातो. शूलरच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की त्याने आपले प्रमेय पहिल्या ते तिसऱ्या श्रेणीच्या लहान ओढ्यांपुरतेच मांडले होते, आणि २००९ मध्ये त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी त्या रेषांऐवजी पट्टे सुचविले. दहा टक्क्यांच्या आत ओढ्यांची स्थिती फार भिन्नभिन्न असते, हेही त्यांनी मान्य केले. मूळ लेखक सावध झाले. उद्धृत करणारे झाले नाहीत.

वार्षिक आकड्यावरून मात्र एका सरीचे वर्तन कळत नाही. त्यासाठी अमेरिकेच्या मृदासंधारण विभागाची 'वक्र-क्रमांक' पद्धत भारतातही प्रचलित आहे. तीत पृष्ठाला व जमिनीला मिळून शंभराच्या आतील एक क्रमांक देतात. क्रमांक जितका मोठा तितका अपधाव अधिक. जमिनींचे अ, ब, क, ड असे चार गट असतात. वालुकामय, मोकळी जमीन अ गटात, आणि चिकण, फुगणारी काळी जमीन ड गटात येते. फरसबंद पृष्ठाचा क्रमांक ९८ आहे. ड गटातील नांगरून उघडी ठेवलेल्या जमिनीचा क्रमांक ९४ आहे. डांबर आणि काळी माती ह्यांत चारच अंकांचे अंतर आहे, ह्याचे आश्चर्य वाटेल. परंतु ऑगस्टमध्ये पूर्ण भिजून फुगलेल्या शिवारातून चालून गेलेल्या कोणाही शेतकऱ्यास ते वाटणार नाही.

ह्या क्रमांकांवरून पद्धतीच्या मूळ सूत्राने हिशेब केला असता पुढील चित्र दिसते. शंभर मि.मी.च्या एका पावसात फरसबंद पृष्ठावरून सुमारे ९४ मि.मी. पाणी वाहते. त्याच पावसात उघड्या काळ्या जमिनीवरून ८३, आणि तीवर सोयाबीनसारखे ओळीत पेरलेले पीक नीट उभे असेल तर ७० मि.मी. वाहते. अ गटातील उघड्या वालुकामय जमिनीवरून मात्र केवळ ४५ मि.मी. वाहते, आणि त्याच जमिनीवर चांगले वन असेल तर सूत्राप्रमाणे काहीच वाहत नाही. म्हणजे पुळणीवरील वनात एक हेक्टर फरसबंद झाला तर बदल शून्यापासून चौऱ्याण्णवपर्यंतचा असतो, आणि लातूरच्या काळ्या रानात तो त्र्याऐंशीपासून चौऱ्याण्णवपर्यंतचा, फार तर सत्तरपासूनचा. नकाशावर दोन्ही हेक्टर एकाच रंगाचे असतात.

पाऊस लहान असला की गणित पालटते, आणि हा भाग सामान्यतः दुर्लक्षिला जातो. वीस मि.मी.च्या सरीत फरसबंद पृष्ठावरून १५ मि.मी. वाहते, भिजलेल्या उघड्या काळ्या जमिनीवरून साडेआठ, आणि कोरड्या काळ्या जमिनीवरून सुमारे ३. मृगाच्या आरंभी ही जमीन वितीवितीच्या भेगांनी फाटलेली असते. पहिल्या सरी त्या भेगा गिळून टाकतात. त्या आठवड्यात डांबर आणि काळी ह्यांत जवळजवळ पाचपटीचे अंतर असते. श्रावणात तीच जमीन फुगून भेगा मिटल्या म्हणजे ते अंतर पुष्कळसे नाहीसे होते. भारतीय व्यवहारात काळ्या जमिनीसाठी, ती कोरडी की भिजलेली हे पाहून, सूत्रातील आरंभीची घट वेगवेगळी धरतात, ती ह्याच कारणाने. ह्याचा अर्थ असा की झाकलेल्या भूमीचा प्रभाव लहान सरींत सर्वांत अधिक आणि महापुरात सर्वांत कमी असतो. पुरनियोजनात ह्या नकाशाचा जो सर्रास उपयोग होतो, तो नेमका ज्या प्रसंगी नकाशा सर्वांत कमी बोलतो, त्या प्रसंगासाठी होतो. दूषित पाणी, विहिरींचे पुनर्भरण आणि छपरावरचे पाणी ह्या विषयांत त्याचे खरे सामर्थ्य आहे, आणि तेथे तो फारसा कोणी मागत नाही.

आता नकाशा कसा काढला जातो ह्याकडे वळले पाहिजे, कारण दोष तेथेही आहेत. झा, गाओ आणि नी ह्यांनी २००३ मध्ये चीनमधील नानजिंग शहरासाठी एक बांधकाम-निर्देशांक सुचविला. निकट अवरक्त प्रकाशाच्या तुलनेत मध्य अवरक्त प्रकाश अधिक परावर्तित झाला तर ते पृष्ठ बांधलेले समजावे, असे त्याचे तत्त्व आहे. नानजिंग हिरव्या, ओल्या प्रदेशात आहे. तेथे उघडी कोरडी जमीन थोडी. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांतील उपग्रहचित्रावर हाच निर्देशांक चालविला तर नांगरून तापत पडलेले सबंध शिवार बांधकाम म्हणून उजळू शकते, कारण कोरड्या मातीचेही वर्तन तसेच असते. अमेरिकेतील रिड ह्याने १९९५ मध्ये वनस्पती, अपारगम्य पृष्ठ आणि माती ह्या तीन घटकांत शहराची विभागणी सुचविली, तेव्हा माती हा स्वतंत्र कोन ठेवला होता. सोयीसाठी दोन घटकांवर येणाऱ्यांनी तो गमावला.

ऋतूचा दोष ह्याहून खोल आहे. पावसाळ्यात आभाळ झाकलेले असल्यामुळे उपयोगात येणारी निरभ्र चित्रे बहुधा हिवाळ्यातील वा उन्हाळ्यातील असतात. पावसाच्या पाण्याचे वर्तन सांगण्यासाठी काढलेला नकाशा पाऊस नसतानाच्या भूमीचा असतो. २०१४ पासून ढगांतून पाहू शकणाऱ्या युरोपीय रडार-उपग्रहांची चित्रे सर्वांस खुली आहेत. परंतु अपारगम्य पृष्ठांचे नकाशे अद्यापि प्रायः प्रकाशीय चित्रांवरच विसंबतात.

गावपातळीवर गोंधळ आणखी वाढतो. मराठी खेड्यात भूमीचे एक जुने द्वैत आहे, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. हे पृष्ठाच्या गुणावर आधारलेले वर्गीकरण नव्हे, असे कोणी म्हणेल. पण ते अगदीच तसे नाही, कारण गावाखालची माती पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडलेल्या भिंतींनी, राखेने आणि पायदळीने खरोखरच निराळी झालेली असते. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घराचे छप्पर मातीचेच असते. उपग्रहास ते माती दिसते. पावसाला ते छप्पर आहे, त्याचे पाणी पन्हाळीतून गल्लीत पडते. कोकणात उलट प्रकार. मुरुड-जंजिऱ्याच्या किनारपट्टीवरील नारळी-पोफळीच्या वाड्यांत घरे झाडांच्या छत्राखाली दडलेली असतात. उपग्रहास वन दिसते आणि खाली कौले, खळी व पाखाड्या असतात. त्याच कोकणातील सडा, म्हणजे जांभ्याचे उघडे पठार, दिसावयास फरसबंद अंगण. नकाशात तो कधी बांधकामात तर कधी पडीक जमिनीत जाऊन पडतो. प्रत्यक्षात सड्याच्या माथ्यावरून पाणी वेगाने धावते हे खरे असले तरी जांभा सच्छिद्र व भेगाळ असल्यामुळे काही पाणी आत उतरते, खालच्या चिकणमातीच्या थराशी अडते आणि सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. पायथ्याच्या कित्येक वाड्यांचे उन्हाळ्यातील पाणी ह्या झऱ्यांवर चालते. कठीण ते सर्व अपारगम्य नव्हे, आणि मऊ ते सर्व पारगम्य नव्हे, हे ज्या नकाशाला सांगता येत नाही, त्याच्या शेकडेवारीतील दशांश-चिन्हापुढच्या अंकांना काडीचेही मोल नाही.

ह्या सर्व शंका शास्त्रीय काथ्याकूट वाटू नयेत म्हणून मुंबईचे उदाहरण पाहणे अगत्याचे आहे. किनारी पाणलोटाचे महाराष्ट्रातील सर्वांत चर्चिलेले प्रकरण ते मिठी नदीचे. विहार व पवई तलावांच्या सांडव्यांपासून निघून माहीमच्या खाडीत मिळणारी ही नदी अठरा किलोमीटरांच्याही आत संपते. मुंबईची पर्जन्यजलवाहिन्यांची जुनी व्यवस्था ताशी २५ मि.मी. पाऊस आणि ०.५ हा अपधाव-गुणांक धरून आखलेली होती. म्हणजे निम्मे पाणी जमीन पिईल, अशी त्यात अपेक्षा होती. १९८५ च्या पुरानंतर हाती घेतलेल्या अभ्यासाचा 'ब्रिमस्टोवॅड' नावाने ओळखला जाणारा अहवाल १९९३ मध्ये सिद्ध झाला. त्याने पाऊस ताशी ५० मि.मी. आणि गुणांक १.० धरावा, अशी शिफारस केली. पाऊस दुप्पट आणि गुणांक दुप्पट, म्हणजे नळांतून काढावयाचे पाणी चौपट.

नळाच्या व्यासाचा विचार करता ही सावधगिरी समर्थनीय आहे. परंतु नियोजनाच्या दृष्टीने पाहिले तर गुणांक एक धरणे म्हणजे अपारगम्य पृष्ठाचा नकाशाच रद्द करणे होय. सबंध नगर फरसबंद आहे असे मानल्यावर कोणते मैदान उघडे आहे आणि कोणते सिमेंटचे, ह्याला हिशेबात स्थान उरत नाही. जो आपल्या भूखंडावर माती मोकळी ठेवतो आणि जो कडेपासून कडेपर्यंत फरशी बसवितो, ते दोघे त्या सूत्रापुढे सारखेच. त्याच नगरात २००२ मध्ये १,००० चौ.मी.हून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना वर्षाजल-संकलन सक्तीचे झाले, आणि २००७ मध्ये ती मर्यादा ३०० चौ.मी.पर्यंत खाली आली. एक नियम पाणी जिरवा म्हणतो. दुसरा, जिरलेले पाणी मोजणार नाही म्हणतो. दोन्ही नियम एकाच महानगरपालिकेच्या दप्तरात आहेत.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्यास सुमारे ७४ मि.मी. ह्या पुराचे खापर सिमेंटवर फोडण्याची रीत पडली आहे. वक्र-क्रमांकाचे सूत्र इतक्या मोठ्या पावसाला लावणे धाडसाचे असले तरी त्याचा कल पाहण्यास हरकत नाही. ९४४ मि.मी. पैकी फरसबंद पृष्ठावरून सुमारे ९३८, आणि उघड्या वालुकामय जमिनीवरूनही ८५९ मि.मी. वाहिले असते. सिमेंट नसते तर पूर आला नसता, हे म्हणणे ह्या आकड्यांपुढे टिकत नाही. पाणी कोठे साचले व का हटले नाही, ह्याची कारणे नदीच्या वाटेत होती. पात्रावरील अतिक्रमणे, मुखाजवळच्या दलदलीत भर घालून उभारलेले वांद्रे-कुर्ला संकुल, आणि भरतीची वेळ. माधवराव चितळे ह्यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीच्या २००६ च्या अहवालाने मिठीच्या वाटेकडे लक्ष वेधले, ते ह्यामुळेच महत्त्वाचे आहे. अपारगम्य पृष्ठाची शेकडेवारी एक हेक्टर दलदलीवरील भरावाला आणि डोंगरकड्यावरील एक हेक्टर छपराला सारखेच मोजते. पाण्याच्या दृष्टीने पहिला हेक्टर दरवाजा आहे, दुसरा केवळ अंगण.

किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनांत (१९९१, २०११, २०१९) हीच उणीव वेगळ्या रूपाने दिसते. त्या भरतीरेषेपासूनचे अंतर मोजतात, पाणलोट मोजत नाहीत. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकामरहित पट्टा पन्नास मीटरांवर आणला. खाडीत येणारी घाण मात्र पन्नास मीटरांवरून येत नाही. ती राजपुरीच्या खाडीस मिळणाऱ्या प्रत्येक ओढ्याच्या माथ्यापासून येते.

लातूरच्या मुरुडाकडे परत वळले असता प्रश्नाचे पारडे पार उलटे झुकते. येथे झाकलेल्या भूमीवरून वाहणारे पाणी ही हानी आहे, हेच सिद्ध करावे लागेल. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ह्या घोषणेने दोन पिढ्यांना अपधाव म्हणजे नासाडी असे शिकविले, आणि शेताच्या बांधापुरते ते योग्यच आहे. (जाता जाता एवढे नोंदवावे की 'जिरायत' ह्या शब्दाचा जिरण्याशी संबंध नाही, तो शेती ह्या अर्थाच्या अरबी शब्दापासून आला आहे. ह्या ध्वनिसाम्यावर आधारलेली व्युत्पत्ती व्याख्यानांतून अधूनमधून ऐकू येते.) परंतु धनेगावचे मांजरा धरण जेव्हा कोरडे पडले, तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून सुमारे ३४० कि.मी. अंतर कापून पाण्याची आगगाडी लातुरास आणावी लागली. १२ एप्रिलला आलेल्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते; पुढे पंचवीस लाख लिटरच्या गाड्या आल्या. शंभर चौरस मीटरच्या एका छपरावर वर्षाचे ८०० मि.मी. पावसाचे ऐंशी हजार लिटर पाणी पडते. गळती-बाष्पीभवन वजा जाता अडुसष्ट हजार धरावे, आणि दुष्काळी वर्ष म्हणून पाऊस निम्मा धरून चौतीस हजार. पहिल्या गाडीचे पाणी म्हणजे अशा पंधरा छपरांचे पाणी होते.

ह्या हिशेबात छपरे निर्णायक ठरतात ती लहान सरींमुळे. दुष्काळी वर्षात पाऊस लहान लहान तुकड्यांत येतो. भेगाळ काळी जमीन तो पिऊन टाकते आणि धरणाकडे काहीच जात नाही. छपरावरून मात्र वीसांपैकी पंधरा मि.मी. हाती लागतात. स्ट्रेंजच्या भाषेत सांगावयाचे तर मुरुडची वस्ती हा दुष्काळातील एकमेव 'चांगला' पाणलोट आहे. अपारगम्य पृष्ठाचा नकाशा येथे काढावयाचा तो दहा टक्क्यांचा उंबरठा तपासण्यासाठी नव्हे, तर पाण्याचे दप्तर म्हणून. त्यात छपरे आणि रस्ते एका रंगात दाखवून चालणार नाही, कारण छपराचे पाणी टाकीत घेता येते आणि बाजारपेठेतील डांबरी रस्त्याचे, तेल व गाळ मिसळलेले, पाणी थेट तावरजेच्या नाल्यात जाऊ देणे अनुचित आहे. ज्या छपराची पन्हाळ परसात मोकळ्या मातीवर पडते आणि ज्याची पन्हाळ सिमेंटच्या नालीत पडते, ती दोन वेगळी पृष्ठे मानली पाहिजेत. पाण्याला पुढे वाट जोडलेली आहे की तुटलेली, हा भेद उपग्रहास दिसत नाही, तो गल्लोगल्ली हिंडूनच टिपावा लागतो.

असे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे, आणि त्यास लागणारी साधने थोडी आहेत. गावठाणाचा नगरभूमापन नकाशा, सातबारा उताऱ्यांवरील पोटखराब्याच्या व अकृषिक वापराच्या नोंदी, एक मोजपट्टी आणि दोन हंगाम. अकृषिक नोंद परवानगी सांगते, पृष्ठ सांगत नाही. कित्येक भूखंड वर्षानुवर्षे अकृषिक होऊन गवताखाली पडून असतात, तर कित्येक गोदामे शेतीच्याच नोंदीवर उभी असतात. ह्या दोहोंतील तफावत स्वतःच एक अभ्यासविषय आहे. मोजणी एकदा मृगाच्या पहिल्या पंधरवड्यात, भेगा उघड्या असताना, आणि एकदा ऑगस्टअखेर, जमीन फुगलेली असताना व्हावी. लातूर–बार्शी रस्त्याखालील प्रत्येक मोरीशी सर थांबल्यापासून किती वेळ पाणी वाहत राहते, एवढे जरी ह्या दोन्ही वेळी घड्याळ लावून टिपले, तरी गावाच्या फरसबंद भागाचे पाणी कोणते आणि शिवाराचे कोणते, हे वेगळे काढता येते. फरशीचे पाणी आधी येते आणि आधी संपते. काळीचे पाणी जूनमध्ये येतच नाही, आणि ऑगस्टमध्ये गढूळ होऊन दुसऱ्या दिवसापर्यंत वाहत राहते.